कोपऱ्यातली सही

२०२३च्या एप्रिलमध्ये पाण्याचा एक टँकर माझ्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. मालक जुना, ओळखीचा. टाकीच्या बाजूला लावलेली फिल्म उन्हाने तडकली होती, कडा सुटून वर आल्या होत्या. ती काढून नवी लावायची आणि लावताना गावाचं नाव बदलायचं, एवढंच काम. केंद्र सरकारने फेब्रुवारीच्या २४ तारखेला नामांतराला मंजुरी दिली होती. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे आलेल्या बऱ्याच गाड्यांचं काम हेच होतं.

पोऱ्या हीट गन घेऊन जुनी फिल्म सोलू लागला आणि खालून ऑइल पेंटची अक्षरं निघाली. आधीच्या कुणा कारागिराने कंटाळा करून पेंटवरच फिल्म चिकटवली होती. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, त्यांना लाल सावली. ‘औ’च्या दोन्ही मात्रा मागे झुकलेल्या, ‘द’ची शेपटी जरा जास्तच लांब. मला ती वाचावी लागली नाहीत. तो अब्बांचा हात होता. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक तिरक्या अक्षरांत त्यांच्या दुकानाचं नाव आणि वर्ष: १९९१.

गाडीला फिल्म लावायची तर खालचा पत्रा सपाट लागतो. फिल्म इतकी पातळ असते की खाली पेंटचा थर राहिला तर त्याची कड वरून उठून दिसते, बोटाला लागते. म्हणून जुनी अक्षरं पॉलिश पेपरने घासून काढणं हा कामाचाच भाग आहे. पोऱ्याच्या हातातून पेपर घेऊन मीच घासायला बसलो. सही सगळ्यांत शेवटी गेली. मग त्या जागी ‘छत्रपती संभाजीनगर’ लावलं, पैसे घेतले, टँकर गेला.

या गोष्टीवर रडगाणं गायला मी हे लिहीत नाही. नाव बदलण्याच्या राजकारणाबद्दल माझं मत काय असेल, हे वाचणाऱ्याला सांगायची गरज नाही. पण त्या दिवसापासून कोपऱ्यातली ती सही डोक्यातून जात नाही. या शहराचं मराठी कुणी लिहिलं, याची तेवढीच नोंद होती आणि मी ती घासली.

माझ्या दुकानाच्या पाटीवर आज ‘ग्राफिक्स अँड व्हेइकल रॅप’ लिहिलं आहे. अब्बांच्या पाटीवर नुसतं ‘पेंटर’ होतं. अब्बांच्या उस्तादांना पाटीच नव्हती, कारण ते मूळचे कातिब. धंदा एकच, गिऱ्हाइकाचं नाव लोकांच्या डोळ्यांत भरेल असं लिहून देण्याचा. त्याचं नाव तेवढं दोन पिढ्यांत दोनदा बदललं.

कातिब म्हणजे सुंदर अक्षरात मजकूर उतरवून देणारा. उर्दूची नस्तालिक लिपी शिशाच्या खिळ्यांत नीट बसत नाही. तिचे शब्द उजवीकडून वरून सुरू होतात आणि तिरके खाली उतरतात, एकच अक्षर शब्दागणिक रूप बदलतं. म्हणून मराठी छापखान्यांत खिळे जुळवणं सुरू झालं, तरी उर्दूचा मजकूर हातानेच लिहिला जायचा आणि तो शिळाछापावर, म्हणजे दगडावर उतरवून छापला जायचा. चेन्नईचं ‘द मुसलमान’ हे १९२७मध्ये सुरू झालेलं दैनिक तर एकविसाव्या शतकातही हाताने लिहिलं जात होतं. निजामाच्या राज्यात उर्दू ही सरकारी भाषा. त्यामुळे औरंगाबादेत कातिबाला काम होतं: कचेऱ्यांचे कागद, छापखाने, लग्नाचे रुक्के, मजारींवरचे शिलालेख, दुकानांच्या पाट्या.

१९४८च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. ते जायलाच हवं होतं. रझाकारांनी जे केलं, ते विसरण्यासारखं नाही. पण त्यानंतर मराठवाड्यातल्या साध्या मुसलमानांवर जे गुदरलं, त्याची नोंद पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे आणि तो अहवाल कित्येक दशकं कपाटात बंद राहिला. ज्यांचा जीव वाचला, त्यांच्यातल्या अनेकांची रोजी गेली. उस्ताद तेव्हा ऐन विशीत होते. कचेरीचं काम आटलं. १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्र झाला, आणि बाजारातल्या पाट्यांची भाषा बदलत गेली.

तेव्हा उस्तादांनी कलम ठेवून ब्रश उचलला.

त्यांना मराठी बोलता यायचं, लिहिता यायचं नाही. देवनागरी ते गुलमंडीच्या पाट्या बघून शिकले. अब्बा सांगायचे, उस्ताद सुरुवातीला अक्षर वाचत नसत, मोजत. नस्तालिकमध्ये अक्षराचं माप नुक्त्याने घेतात. कलमेच्या टोकाने एक ठिपका द्यायचा, तो चौकोनी पडतो, आणि अमुक अक्षर इतक्या ठिपक्यांचं, असा हिशेब ठेवायचा. उस्तादांनी तेच माप देवनागरीला लावलं. ‘क’चं पोट किती ठिपक्यांचं, काना किती, वेलांटी किती उंच. ओळी आखायला कातिबाकडे मिस्तर असायचं, म्हणजे पुठ्ठ्यावर ताणून बसवलेले दोरे. कागद त्यावर ठेवून दाबला की ओळी उमटतात. पेंटरकडे त्याच्या जागी खडूच्या भुकटीत बुडवलेली दोरी आली. दोघांनी दोन टोकं धरायची, मधून ताणून सोडायची, भिंतीवर सरळ रेघ. दोन्ही लिप्यांतला मोठा फरक मात्र त्यांना शेवटपर्यंत छळत राहिला. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला टांगलेलं असतं, नस्तालिकचा शब्द उतरणीला लागलेला. उस्तादांच्या मराठीत एक उतार होता. लोकांना तो आवडायचा. तो कुठून आला हे कुणी विचारलं नाही.

अब्बा बारा वर्षांचे असताना त्यांच्या हाताखाली गेले. दोन वर्षं फक्त ब्रश धुतले, लांबी भरली, अस्तर मारलं. उस्तादांचं दखनीतलं एक वाक्य अब्बा मलाही ऐकवायचे, “हात को घाई नक्को, आँख को घाई होना.” मला ते अजून पूर्ण कळलेलं नाही, पण माझ्या पोऱ्यांना मीही तेच सांगतो.

‘पेंटर’ हा शब्द आपल्याकडे कधी आडनाव झाला, याचं सगळ्यांत ठळक उदाहरण कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. १८९०मध्ये जन्मलेला, पडदे रंगवणारा हा माणूस पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचा धनी झाला, ‘सैरंध्री’ काढला, पण नावात ब्रश राहिला. दुसरं उदाहरण पंढरपूरचं. मकबूल फिदा हुसेन १९१५मध्ये पंढरपुरात जन्मले आणि तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून जगले. होर्डिंगचं आयुष्य सिनेमा चालेल तेवढं. ती चित्रं आज कुठे शोधणार? नंतर त्याच हाताची सही लाखोंच्या कॅनव्हासवर आली, कधी देवनागरीत, कधी उर्दूत, कधी इंग्रजीत. आणि पंढरपूरचा तो माणूस २०११मध्ये लंडनमध्ये वारला. त्या प्रकरणावर याहून जास्त इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे.

अब्बांची सही एका फुलाचं नाव होती. त्यांच्या पिढीतल्या मुसलमान पेंटरांच्या दुकानांची नावं आठवून पाहिली, तर फुलं, तारे, ऋतू, नाहीतर ‘भारत’ आणि ‘न्यू’ यांचीच गर्दी. स्वतःचं नाव क्वचित. हे भीतीपोटी होतं, असं मी कॉलेजात असताना तावातावाने म्हणायचो. अब्बा म्हणायचे, “पाटी उनकी है बाबा. अपना क्या, कोपरा.” त्यांना खरंच तसं वाटत होतं, की ते मला गप्प करत होते, हे मला अजून ठरवता येत नाही.

कोपरा मात्र ते सोडत नसत. सहीचे पैसे कुणी देत नसे, उलट काही गिऱ्हाइकं कुरकुर करायची. तरी ट्रकच्या फाळक्यावर, रिक्षाच्या मागे, भिंतीवर, शाळेच्या पाटीवर बारीक सही असायचीच. तीच जाहिरात. मनमाडला कुणी ट्रक पाहिला, अक्षर आवडलं, तर कोपरा वाचून तो औरंगाबादेत शोधत यायचा.

ट्रकचा धंदा मोठा. टेल्कोने १९५४मध्ये मर्सिडीज-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मोंढ्यामोंढ्यांत ट्रक वाढले आणि पेंटरला भिंतीपेक्षा चाकावरचं काम जास्त मिळू लागलं. कारखान्यातून येणारा ट्रक म्हणजे चेसिस आणि इंजिन. मागची बॉडी सुतार-लोहार बांधायचे आणि शेवटी ती पेंटरकडे यायची. दारावर मालकाचं नाव-पत्ता, कपाळावर देवाचं नाहीतर दर्ग्याचं नाव, मागे ‘हॉर्न ओके प्लीज’. १९८५मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, शहर वाढलं, रिक्षा वाढल्या. मग भिंतीवरची सरकारी कामंही होती. कुटुंब नियोजनाचा तो उलटा लाल त्रिकोण अब्बांनी किती भिंतींवर काढला असेल, त्याला हिशेब नाही. आणीबाणीत हेच काम करताना आपल्याच मोहल्ल्यातले लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले होते. घरात आम्ही चार भावंडं.

गणेश मंडळांचे बोर्डही ते लिहायचे, आंबेडकर जयंतीचे, उरुसाचेही. दरवर्षी एखादा पत्रकार ‘मुस्लिम कारागीर घडवतो बाप्पाचा बोर्ड’ अशी बातमी करतो, तेव्हा मला संकोच वाटतो. चांगल्या हेतूने लिहिलेलं असतं, पण त्यात आमचं काम हा चमत्कार होऊन बसतो. ते काम होतं. त्याचे पैसे मिळायचे. कोणत्या बोर्डाला कोणता पेंटर, हा प्रश्न कुणाला पडत नव्हता, यातच त्या काळाचं बरंच काही आलं.

नावं बदलण्याचं काम अब्बांनीही केलं आहे, आणि ते मला इथे नोंदवायचं आहे. १४ जानेवारी १९९४ला मराठवाडा विद्यापीठाचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८चा. मधली सोळा वर्षं या भागातल्या दलितांनी घरं जळताना पाहिली, माणसं गमावली. निर्णय झाला, तशी संलग्न महाविद्यालयांच्या पाट्या आणि बसगाड्या यांची कामं निघाली. दोन शब्दांच्या जागेत पाच बसवायचे. अब्बा रात्री कंदील घेऊन अक्षरं मोजत बसलेले मला आठवतात. त्या नावात ‘मराठवाडा’ पुसला गेला नव्हता, त्याच्या आधी आणखी एक नाव येऊन बसलं होतं. माझ्या वाट्याला आलेल्या कामात जुनं घासूनच काढायचं होतं. ‘औरंगाबाद’ची पाच अक्षरं, ‘छत्रपती संभाजीनगर’ची दहा, बरोबर दुप्पट. टँकरच्या टाकीवर ती मावतात, रिक्षाच्या मागे दोन ओळी कराव्या लागतात.

आता यंत्राकडे येतो.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या गर्बर कंपनीने संगणकाच्या हुकमाने व्हिनाइलमधून अक्षर कापणारं यंत्र बाजारात आणलं. आमच्यापर्यंत ते नव्वदीच्या शेवटी पोहोचलं. बरोबर कोरल ड्रॉ आलं, पुण्याच्या मॉड्युलरचं श्री-लिपी आलं. कीबोर्डवर नाव टाइप करायचं, कर्व्ह करायचं, कटरला पाठवायचं. ब्लेड सरसर फिरतं, मग चिमट्याने नको ते सोलायचं, उरलेलं अक्षर टेपवर उचलून गाडीला चिकटवायचं. अब्बांना दीड दिवस लागायचा ते तासाभरात. मी १९९८मध्ये कटर घेतला. बँकेने कर्ज दिलं नाही, मोहल्ल्याचं नाव ऐकल्यावर साहेबांचा सूर बदलला. पुढे २००६मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला, त्यात काही बँका मुस्लिम वस्त्यांना नकारात्मक विभागात टाकतात, असं छापलेलं वाचलं, तेव्हा तो सूर मला ओळखू आला. पैसे भिशीतून आले आणि अम्मीच्या बांगड्यांतून.

लोक याला ‘रेडियम’ म्हणू लागले, अजून म्हणतात. ‘रेडियमवाला कुठं बसतो?’ खरं रेडियम क्युरी दांपत्याने १८९८मध्ये शोधलं. ते घालून केलेला रंग अंधारात चमकतो, म्हणून घड्याळांच्या तबकड्यांना लावत. अमेरिकेत तो रंग लावणाऱ्या मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या आणि त्यातून त्यांना जबड्याचे जीवघेणे आजार झाले. आमच्या स्टिकरमध्ये रेडियमचा कणही नसतो. त्यात काचेचे बारीक मणी असतात, समोरच्या गाडीचा उजेड ते परत फेकतात. थ्री-एम कंपनीने १९३९च्या सुमारास तो प्रकार आणला. पण अंधारात चमकणारं ते रेडियम, हे आपल्याकडे पक्कं बसलं. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांना मागून लाल पट्ट्या लावायला रांग लागते, तेव्हा मीही बिलावर ‘रेडियम’च लिहितो.

ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरायची सवय अब्बांनाही होती. रंगात शिसं असायचं. ते असो.

कटर आल्यावर अब्बांनी पहिल्यांदा ‘ळ’ कापून मागितला. बराच वेळ उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “बरोबर है, पन हर बार वहीच है.” प्रत्येक वेळी तोच. त्यांच्या हाताने एका पाटीवर दोन ‘ळ’ आले, तर दोन वेगळे असायचे, शेजारच्या अक्षराला जागा करून देणारे. उस्तादांच्या जातभाईंवरही तेव्हाच तीच वेळ आली होती. कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी हाताने लिहिलेल्या हजारो जोडरूपांवरून १९८१मध्ये नूरी नस्तालिक तयार झालं आणि १९९४मध्ये दिल्लीहून इनपेज हे सॉफ्टवेअर आलं. बघता बघता उर्दू वर्तमानपत्रांतल्या कातिबांच्या बैठका उठल्या. उस्ताद हयात असते तर दोन्हीकडून बेकार झाले असते.

त्यानंतर फ्लेक्स आला. त्यावर फार लिहिण्यात अर्थ नाही, सगळ्यांनी पाहिलं आहे. अक्षरावर मिळणारा भाव चौरस फुटावर गेला, अक्षराची जागा चेहऱ्यांनी घेतली. उच्च न्यायालयाने २०१७मध्ये बेकायदा होर्डिंगवर सविस्तर निकाल दिला, १३ मे २०२४ला घाटकोपरला १२० फुटी होर्डिंग कोसळून १७ माणसं मेली. फ्लेक्समध्ये मीही पैसे कमावले, पण वाढदिवसाच्या फ्लेक्सवर अभिमान वाटावा असं एकही काम केल्याचं आठवत नाही.

कायद्याचे फटके एकेक करून बसले. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरची काळी फिल्म बंद केली. २०१५मध्ये परिवहन आयुक्तांनी ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली, अब्बा त्या दिवशी खो-खो हसले. एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना कारखान्यातूनच सुरक्षा नंबरप्लेट आली, मग जुन्या गाड्यांनाही सक्ती झाली आणि २०२५भर मुदती वाढत राहिल्या. नंबरप्लेटवर जगणारे कितीतरी पेंटर होते. इंग्रजी आकडे वळवून ४१४१चं ‘दादा’ करणं बेकायदा होतं, हे मान्य. पण सरळ, नियमातलं लिहिणाऱ्याचंही पोट त्याच प्लेटवर होतं.

उरलं ते रॅप. पूर्ण गाडीला छापील फिल्मचा अंगरखा चढवायचा. जर्मनीत टॅक्सीला ठरावीक फिकट पिवळट रंग सक्तीचा होता. नव्वदीत तिथल्या मालकांनी गाडी रंगवण्याऐवजी त्या रंगाची फिल्म लावायला सुरुवात केली, म्हणजे विकताना सोलली की खाली कोरी गाडी. आमच्याकडे मात्र कुणी रंग वाचवायला येत नाही, दिसायला येतो.

यात पुन्हा हात लागतो, म्हणून मला हे काम आवडतं. फिल्म दोन जातींची. एक कॅलेंडर्ड, गरम रुळांतून लाटून काढलेली. ती स्वस्त, पण तिला आपला मूळ आकार आठवतो, ताणून बसवली की उन्हात मागे सरते. दुसरी कास्ट, पातळ ओतून भट्टीत सुकवलेली. ती महाग, पण खोबणीत बसते ती बसते. गिऱ्हाईक नेहमी पहिलीचा भाव आणि दुसरीचं काम मागतं. छापलेली फिल्म किमान एक दिवस उघडी ठेवावी लागते, शाईतला सॉल्व्हंट उडून जाईपर्यंत. घाईत लॅमिनेशन केलं की महिनाभरात फुगे. मे महिन्यात आमच्याकडे पत्रा इतका तापतो की फिल्म टेकताक्षणी गोंद पकडतो, सरकवायला वावच राहत नाही. म्हणून आम्ही फजरनंतर कामाला लागतो आणि दहाला थांबतो. आणि टेम्पोच्या बॉडीवरचे रिव्हेट! प्रत्येक रिव्हेटभोवती गरम हवा देऊन फिल्म दाबायची, एका टेम्पोला दोनशे. पोरं त्यावरच पळून जातात.

गाडीचा मूळ रंगच बदलणार असेल, तर आरटीओत नोंद करावी लागते, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं. बरेच जण सांगत नाहीत.

दुधाचे टेम्पो, शाळेच्या बस, फिरते दवाखाने, प्रचाररथ. एका संस्थेचा स्वर्गरथ आणि दुसऱ्या संस्थेची मय्यत गाडी एकाच आठवड्यात लावली आहे. दोन्हींना पांढरी फिल्म, एकाच रोलमधली.

२०२२मध्ये दुकानांच्या मराठी पाट्यांचा कायदा कडक झाला, सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि आम्हाला झोप उरली नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या पाट्यांवर मराठी आधीपासून होतंच, खाली उर्दू. काहींनी विचारलं, उर्दू काढू का? मी म्हटलं, काढायला कुणी सांगितलंय? अकोला जिल्ह्यात पातूर नगर परिषदेच्या इमारतीवर मराठीखाली उर्दूत नाव होतं. एक माजी नगरसेविका त्याविरुद्ध पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १५ एप्रिल २०२५ला न्यायालयाने ती पाटी राहू दिली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे स्वच्छ सांगितलं. निकाल वाचला, तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो हा की ती पाटी लिहिली कुणी असेल?

आता सहीकडे. रॅपवरही मी कोपऱ्यात सही छापत आलो. तेच फुलाचं नाव, खाली फोन नंबर. दोन-तीन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक, पंधरा वर्षांचं जुनं, डिझाइन मंजूर करताना म्हणालं, “भाई, यावेळी कोपरा राहू दे.” कारण विचारलं. गाडीचा फोटो ग्रुपवर जातो, कुणीतरी फुलाखालच्या नंबरवरून नाव काढतं, मग काम त्यांना का दिलं म्हणून विचारणा होते. त्याला लाज वाटत होती, नजर खाली होती. पैसे पूर्ण दिले, चहा घेऊन गेला. मी कोपरा रिकामा ठेवला. त्याच्यावर मला रागही धरता येत नाही, कारण काम तो अजून माझ्याकडेच आणतो. पण अब्बांच्या फुलाचाही आडोसा पुरत नाही, हे त्या दिवशी कळलं. त्यानंतर आणखी तिघांनी तेच सांगितलं.

गंमत पुढे झाली. २०२४च्या निवडणुकीत तोच माणूस उमेदवाराची पत्रकं आणि पोस्टर घेऊन आला. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२७-अ हे कलम आहे. निवडणुकीच्या छापील पत्रकावर, पोस्टरवर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल, तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. मी त्याला कलम दाखवलं. तो हसला, मीही हसलो. प्रत्येक पोस्टरच्या तळाला माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आणि मोहल्ल्याचा पत्ता गेला. फूल नाही.

रॅपला असा कायदा लागू नाही. म्हणून मी एक सोय केली आहे. फिल्म दाराच्या कडेवरून आत वळवावी लागते, बंद दारात ती दिसत नाही. तिथे बोटभर रुंदीची पट्टी लावतो. तारीख, फिल्मची जात, रोल नंबर, लावणाऱ्या पोऱ्याचं नाव, माझं नाव. चार वर्षांनी जो कुणी ही फिल्म सोलेल, त्याला गोंद कोणता, उष्णता किती द्यायची, हे त्यावरून कळतं. कारागिराला त्याची गरज असतेच. पोऱ्यांपैकी एकाने आपलं नाव उर्दूत लिहायला सुरुवात केली आहे, वळणदार, उतरतं. शिकला कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाला, मोबाइलवर.

टँकरला मात्र टाकीला दार नसतं. त्यावर पट्टी कुठे लावायची हे सुचलं नव्हतं, म्हणून लावलीच नाही. ती फिल्म आता कडेने सुटायला लागली आहे. मालकाचा फोन आला होता, पावसाळ्यानंतर आणतो म्हणाला.